बसता येत नाही, तर सहा महिन्यांचे फोटो कसे काढावेत?

प्रश्न: माझी मुलगी येत्या पंधरवड्यात सहा महिन्यांची होईल. ती अपेक्षित तारखेच्या सात आठवडे आधी जन्मली. आता तिची तब्येत उत्तम आहे, वजन वाढते आहे आणि डॉक्टरही समाधानी आहेत. तिला सहा महिने पूर्ण होतील त्याच दिवशी मी स्टुडिओत फोटोशूट ठरवले आहे. पॅकेजमध्ये टोपलीत बसलेला, लहान खुर्चीवर बसलेला आणि अर्ध्या केकसोबतचा, असे फोटो आहेत. पण तिला अजून आधाराशिवाय बसता येत नाही. जाऊबाईंचा मुलगा पाचव्या महिन्यातच बसू लागला होता आणि त्याचे तसे फोटो घरातल्या सगळ्यांनी पाहिले आहेत. फोटोग्राफर म्हणतात, "तुम्ही आणा तर खरे, आधार देऊन बसवू आणि नंतर एडिट करू." यजमानांचे म्हणणे असे की फ्लॅशने तिच्या डोळ्यांना त्रास होईल, त्यापेक्षा मोबाइलवर घरीच फोटो काढू. मी शूट रद्द करावे का? आणि तिच्यात काही कमी तर नाही ना, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. – एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. सहाव्या महिन्यात बसता येत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवरून तुमच्या मुलीत काही कमी आहे असे मानायला काहीही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी बाळांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराशिवाय बसण्याचा टप्पा बाळे साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही गाठतात. एखादे बाळ चार महिन्यांचे होण्याआधी बसते, एखादे नऊ महिने उलटल्यावर बसते, आणि दोन्ही बाळे पूर्णपणे निरोगी असू शकतात. तुमच्या जाऊबाईंचा मुलगा या पट्ट्याच्या सुरुवातीकडे होता, इतकाच त्याच्या पाचव्या महिन्यात बसण्याचा अर्थ आहे.

शिवाय हे आकडे पूर्ण दिवसांच्या बाळांचे आहेत, आणि तुमची मुलगी सात आठवडे आधी जन्मली आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची प्रगती पाहताना डॉक्टर त्याचे सुधारित वय धरतात, म्हणजे जन्मापासूनच्या वयातून ते जितके आठवडे लवकर आले तितके वजा करतात, आणि ही पद्धत साधारणपणे दोन वर्षांचे होईपर्यंत पाळली जाते. सहा महिने म्हणजे सुमारे २६ आठवडे. त्यातून ७ वजा केले की १९ उरतात. ज्या दिवशी तुम्ही तिला टोपलीत बसवून फोटो काढायचे ठरवले आहे, त्या दिवशी तिचे शरीर जेमतेम साडेचार महिन्यांच्या बाळाचे असेल, आणि साडेचार महिन्यांच्या बाळाकडून कोणी बसण्याची अपेक्षा करत नाही. डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात अशा गोष्टी वेगळ्या असतात: आधी जमत असलेली हालचाल बंद होणे, शरीराची एकच बाजू सतत वापरली जाणे, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटणे, जवळच्या माणसांच्या चेहऱ्याकडे अथवा आवाजाकडे लक्षच न जाणे. यांपैकी काही तुम्हाला दिसले असते तर ते तुमच्या पत्रात आले असते, असे मी धरून चालते. मनात तरीही रुखरुख राहत असेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा. त्यांनी तुमच्या मुलीला पाहिले आहे, मी पाहिलेले नाही.

आता शूटविषयी. माझा सल्ला असा की शूट रद्द करू नका, पुढे ढकला. आणि सहा महिन्यांचे फोटो यजमान म्हणतात तसे घरीच काढा. यात तडजोड म्हणून कोणाला खूश करण्याचा भाग नाही. हे दोन फोटोसंच मुळातच वेगळे आहेत. तुमच्या पॅकेजमधील टोपली, खुर्ची आणि केक हे सगळे बसत्या बाळासाठी आखलेले आहे. फोटोग्राफर मंडळी याला सिटर सेशन म्हणतात, आणि त्यांतील अनुभवी माणसे बाळाच्या वयाआधी ते बसते का, हे विचारतात. सहा महिन्यांचा आकडा केवळ सोयीसाठी रूढ झाला आहे, कारण बरीचशी बाळे त्या सुमारास बसू लागतात. या सेशनचा खरा मुहूर्त म्हणजे बाळ पक्के बसते, पण रांगत निघून जात नाही, तो काही आठवड्यांचा काळ.

तो काळ ओळखायचा कसा, हे नीट पाहा. बाळे प्रथम दोन्ही हात पुढे जमिनीवर टेकवून बसतात. या अवस्थेत त्यांचे हातच आधार झालेले असतात, त्यामुळे मान खाली जाते, चेहरा जमिनीकडे वळतो, आणि खेळण्यासाठी एक हात उचलला की तोल जातो. फोटोसाठी ही अवस्था पुरेशी नाही. पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात मोकळे सोडून, हातातली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देत बाळ काही मिनिटे स्वस्थ बसू लागले, म्हणजे स्टुडिओला फोन करावा. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती वेळ तिच्या जन्मतारखेनुसार आठव्या किंवा नवव्या महिन्यात येऊ शकते, थोडी आधी किंवा नंतरही येऊ शकते. म्हणून फोटोग्राफरला नवी तारीख देऊ नका, "ती बसू लागली की कळवते" असेच सांगा. पुढे रांगण्याच्या फोटोचा आग्रह कोणी धरला, तर हेही लक्षात असू द्या की त्याच अभ्यासातील सुमारे ४ टक्के बाळे हात-गुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत आणि तरीही वेळेत चालू लागली.

"आधार देऊन बसवू, नंतर एडिट करू" या वाक्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. हे तंत्र खोटे नाही आणि जबाबदार लोक ते जपून वापरतात. त्यात मोठ्या माणसाचा हात बाळावर सतत असतो आणि तो हात नंतर चित्रातून पुसला जातो, किंवा दोन फोटो जोडून एक केला जातो. पण हाच शब्द काही ठिकाणी वेगळ्या अर्थाने वापरला जातो: बाळाला टोपलीत उशांच्या आधाराने रोवायचे, हात काढून घ्यायचा आणि ते कलंडण्याआधी क्लिक करायचे. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, धडाचे स्नायू कच्चे असतात, त्यामुळे बाळ पुढे, मागे किंवा बाजूला, कुठेही आणि क्षणार्धात पडते. न पडता ते वाकून रुतून बसले तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लवकर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत याची काळजी अधिक घ्यावी लागते. म्हणून फोटोग्राफरला सरळ विचारा की बाळाला धरून कोण बसणार आहे, ती व्यक्ती हाताच्या अंतरावर पूर्ण वेळ असेल का, आणि ते काम सोडून तिला दुसरे काही काम असेल का. रिफ्लेक्टर धरणारा मदतनीस म्हणजे बाळाला धरणारा माणूस नव्हे. उत्तर मोघम मिळाले तर दुसरा स्टुडिओ पाहा. ती बसू लागल्यावरही खुर्ची, पेटी किंवा टेबल अशा उंच जागेवर कोणाचा तरी हात तिच्या जवळ असलाच पाहिजे, आणि सगळ्यांत चांगले म्हणजे जमिनीवर पसरलेली गादी.

सजावटीच्या वस्तूंबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या वयात हाती आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते, आणि बाळ ती तोंडात घालण्यासाठी फोटो संपण्याची वाट पाहत नाही. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू घशात अडकू शकते, म्हणून मणी, बटणे, हेअरबँडवर चिकटवलेली फुले, चमकी यांपैकी काहीही तिच्या हाताच्या टप्प्यात नको. रबरी फुगे दिसायला गोड असले तरी फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिका पूर्ण बंद करू शकतो. फुगे हवेच असतील तर ते तिच्यापासून लांब, मागच्या भिंतीवर असावेत. बारीक दिव्यांच्या माळा आणि 'सहा महिने' असे लिहिलेल्या उजळत्या पाट्या बऱ्याचदा बटणासारख्या चपट्या सेलवर चालतात. असा सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघू शकते, आणि तसा नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. दुधाने भरलेल्या टबातले फोटो सध्या आवडीने काढले जातात. बाळ अगदी थोड्या, काही सेंटिमीटर खोल पाण्यातही बुडू शकते, आणि आधाराशिवाय न बसणाऱ्या बाळाला ओल्या, निसरड्या टबात ठेवण्याचे कारण मला कोणत्याही फोटोत सापडत नाही. केक मात्र मी सरळ वगळायला सांगेन. दोन वर्षांपर्यंत मुलांना वरून घातलेली साखर न देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच द्यायचा नसतो, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. पॅकेजमध्ये केक आहेच, तर तो आई-वडिलांच्या हातात राहू द्या.

फ्लॅशविषयी यजमानांची काळजी समजण्यासारखी आहे, पण कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशमुळे बाळाच्या डोळ्यांना इजा होते, असे दिसून आलेले नाही. त्याचा खरा तोटा म्हणजे बाळ दचकते, डोळे मिटते, आणि समोरून आलेल्या प्रकाशाने चेहरा सपाट दिसतो. स्टुडिओत हा प्रकाश मोठ्या छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून पसरवून सोडतात, त्यामुळे तो बराच सौम्य होतो. मात्र फ्लॅशच्या संदर्भात एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असावी. फ्लॅशच्या फोटोत बाहुल्या लाल दिसतात ते स्वाभाविक आहे, कारण तो प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतून येतो. पण एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळसर दिसत असेल, आणि तसे एकापेक्षा अधिक फोटोंत दिसत असेल, तर फोटो जपून ठेवून बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. बाळ तिरके पाहत असताना कधीकधी असे उगाचच दिसते, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नये. परंतु मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोगही प्रथम अशाच फोटोतून लक्षात येऊ शकतो, आणि त्यावर लवकर उपचार होणे फार महत्त्वाचे असते.

आता घरच्या फोटोंकडे येते, कारण तुमच्या पुढच्या पंधरवड्याचे खरे काम तेच आहे. आधी ठरवून टाका की या दिवशी ती बसणार नाही, आणि मग शांतपणे पाहा की ती काय काय करते. साडेचार महिन्यांच्या सुधारित वयाला बहुतेक बाळे पोटावर ठेवली की कोपरांवर रेलून छाती उचलतात आणि मान ताठ करून समोर पाहतात. फोटोच्या दृष्टीने या वयातली ही सर्वांत उत्तम स्थिती आहे, कारण चेहरा वर असतो, डोळ्यांत प्रकाश पडतो आणि पडण्याची भीती नसते. छातीखाली एक गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर ती अधिक वेळ टिकते. पाठीवर निजलेली असताना ती आपले हात एकमेकांत गुंफत असेल, तोंडात मूठ घालत असेल, काही आठवड्यांत पायाची बोटे पकडू लागेल. हे सगळे वरून टिपता येते, फक्त कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात किंवा मनगटात अडकवलेला असला पाहिजे. ती मोठ्याने हसते का? कोणाच्या आवाजाने हसते? आरशात दिसणाऱ्या बाळाकडे टक लावून पाहते का? वडिलांच्या खांद्यावरून मागे पाहताना तिचा चेहरा कसा असतो? या प्रश्नांची उत्तरे तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे नाहीत, आणि स्टुडिओतला अनोळखी माणूस अर्ध्या तासात ती शोधू शकत नाही. घरच्या फोटोंचे मोल मला यामुळेच अधिक वाटते.

प्रकाशासाठी खोलीतली सर्वांत मोठी खिडकी निवडा, जिथून थेट ऊन न येता मऊ उजेड येतो. थेट ऊन असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. खिडकी तिच्या एका बाजूला येईल अशी गादी जमिनीवर टाका आणि खोलीतले दिवे बंद करा, कारण दिव्यांचा पिवळा आणि खिडकीचा निळसर प्रकाश एकत्र आला की त्वचेचा रंग विचित्र दिसतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर तिकडे एखादी पांढरी चादर धरावी. मग तुम्ही स्वतः जमिनीवर पालथे व्हा. उभे राहून खाली वाकून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि शरीर खुजे दिसते. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला की ती आपल्या आकारात, आपल्या जगात दिसते. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेल्यास नाक आणि कपाळ फुगतात, म्हणून थोडे मागे सरकून दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरावी. लेन्स रुमालाने पुसून घ्यावी, आणि जवळच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस करावा. मोठा कॅमेरा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागापेक्षा कमी ठेवू नये, कारण या वयातले हात-पाय एक क्षणही स्थिर नसतात. लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/४ च्या आसपास ठेवले तर दोन्ही डोळे स्पष्ट येतात, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. थोडा खरखरीत पण स्पष्ट फोटो पुढे आवडीने पाहिला जातो, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही.

वेळ तिची, तुमची नव्हे. झोपून उठली, पोट भरले, ढेकर निघाला, लंगोट बदलला, त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास हा तिचा सर्वांत प्रसन्न काळ असतो, आणि तो घड्याळात वेगवेगळ्या वेळी येतो. या वयात बाळे दोन झोपांच्या मध्ये फार तर दोन-अडीच तास जागी राहतात. त्यातला शेवटचा भाग डोळे चोळण्यात जातो. लस दिल्याचा दिवस आणि त्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ टाळावा. कपडे कमी घातले असतील तर खोली उबदार असावी. खेळणे कॅमेऱ्यामागे हलवण्यापेक्षा तिच्या ओळखीच्या माणसाने तिच्याशी बोलावे, कारण या वयातील बाळाला चेहऱ्याइतके दुसरे काहीही खेचून घेत नाही. दहा मिनिटांत ती कंटाळली तर त्या दिवसापुरते थांबावे. सहा महिने पूर्ण होण्याच्या चार दिवस आधी किंवा आठवडाभर नंतर काढलेला फोटोही सहा महिन्यांचाच फोटो असतो.

त्या दिवशी एक-दोन मिनिटांचे चित्रण आवाजासह करून ठेवा, असेही मी सुचवेन. तिचे हुंकार आणि लांबवलेले स्वर थोड्याच महिन्यांत 'बा-बा', 'दा-दा' अशा पुन्हा-पुन्हा येणाऱ्या अक्षरांच्या बडबडीत मिसळून जातील, आणि आजचा तो आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही. दर महिन्याला तीच चादर, तीच जागा आणि तेच एक कापडी खेळणे शेजारी ठेवून एक फोटो काढायची सवय लावली तर तिची वाढ कोणत्याही सजावटीशिवाय डोळ्यांना दिसेल. फोटोच्या मागे दोन्ही वये लिहा, जन्मापासूनचे आणि सुधारित, आणि त्या महिन्यात तिने नव्याने काय सुरू केले, ते एका ओळीत लिहा. लवकर जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांना काही वर्षांनी हे सगळे ज्या क्रमाने घडले तो क्रम आठवत नाही, असे मी अनेकांकडून ऐकले आहे.

एक विनंती मात्र मनापासून करते. त्या फोटोंत तुम्हीही असा. १८३९ साली फोटोग्राफीची कला जगापुढे आली तेव्हा एका फोटोसाठी कित्येक मिनिटे स्थिर राहावे लागे, आणि बाळाला इतका वेळ स्थिर धरणार कोण? मग एकोणिसाव्या शतकात अनेक ठिकाणी आईला खुर्चीवर बसवून तिच्यावर कापड पांघरत, आणि त्या झाकलेल्या आईच्या मांडीवर बाळाला ठेवून फोटो काढत. आजही असे जुने फोटो संग्रहांत पाहायला मिळतात. त्यात बाळ स्पष्ट दिसते आणि मागे कापडाखाली एका स्त्रीचा आकार जाणवतो. आज कापड नाही, तरी आई फोटोत नसतेच, कारण मोबाइल तिच्याच हातात असतो. तुमच्या मुलीला बसायला आधार लागतो आहे ना? मग तो आधार तुम्ही व्हा आणि तो लपवू नका. तुमच्या मांडीवर, तुमच्या छातीला पाठ टेकून, तुमचे दोन्ही हात तिच्या पोटावर असताना ती ताठ बसेल, समोर पाहील, आणि बसलेला फोटो हवा ही तुमची इच्छाही पूर्ण होईल. केस विंचरायला वेळ मिळाला नाही, डोळ्यांखाली काळी वर्तुळे आहेत, ही कारणे सांगू नका. सात आठवडे आधी आलेल्या मुलीला तुम्ही इथवर आणले आहे. तिच्या पहिल्या वर्षाच्या चित्रांत तुमचा चेहरा असायलाच हवा.

जाऊबाईंबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाही, हे मला आवडले. घरात कोणी दोन मुलांचे फोटो शेजारी ठेवून बोलू लागले, तर सुधारित वयाचा हिशेब एकदा शांतपणे सांगा आणि विषय तिथेच संपवा. वारंवार खुलासा करण्याची गरज नाही. फोटो सगळ्यांना पाठवायचे की नाही, हा निर्णय तुम्हा दोघांचा आहे, आणि तो फोटो काढण्याआधी घेतलेला बरा. निरोपाच्या ॲपवरून पाठवलेल्या फोटोचा आकार बहुधा कमी होतो, म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा. १० बाय १५ सेंटिमीटरच्या चांगल्या छपाईसाठी १८०० बाय १२०० पिक्सेलची प्रतिमा पुरते, म्हणजे साध्या मोबाइलमधला मूळ फोटोही पुरेसा आहे. समाजमाध्यमांवर टाकायचेच असतील तर उघड्या अंगाचे, अंघोळीचे फोटो नकोत, आणि पूर्ण नाव, जन्मतारीख व ठिकाण एकत्र देऊ नका. नातेवाइकांनाही सांगा की त्यांनी पुढे टाकण्याआधी तुम्हाला विचारावे.

स्टुडिओशी बोलताना चार गोष्टी लेखी घ्या. बाळ बसू लागेपर्यंत तारीख जादा पैसे न भरता पुढे नेता येईल का. त्या सकाळी ती आजारी पडली किंवा रडत राहिली तर दुसरा दिवस मिळेल का. एडिट केलेले किती फोटो, कोणत्या आकारात आणि किती दिवसांत हाती येतील. आणि तिचे फोटो स्टुडिओ आपल्या जाहिरातीत किंवा पानावर तुमच्या लेखी संमतीशिवाय वापरणार नाही, हे. शेवटचा मुद्दा पॅकेजच्या अटींत बारीक अक्षरांत उलट लिहिलेला असू शकतो, म्हणजे सही केली की संमती दिली असे धरले जाते. तसे असेल तर ती ओळ खोडून, शेजारी दोघांच्या सह्या करून मगच पैसे भरा. आगाऊ रक्कम आधीच दिली असेल आणि तारीख बदलायला ते नकार देत असतील, तर केक आणि टोपली वगळून त्याच दिवशी पोटावरचे आणि तुमच्या मांडीवरचे फोटो काढून मागा. तेवढे करण्याची तयारी बहुतेक फोटोग्राफर दाखवतात.